मुगाचे ऊन सार

दक्षिण चीनमधील ग्वांगझू शहरात चार उन्हाळे काढल्यावर पारंपरिक चिनी वैद्यकातील उन्हाळी आहाराविषयी लिहावेसे वाटते. कारण त्याच्या नावाखाली ‘थंड पदार्थां’च्या ज्या याद्या सध्या फिरत आहेत, त्यांत मूळ विचारच हरवला आहे.

पहिल्याच जुलैत शेजारच्या आजींनी मला मुगाचे सार दिले होते. सालासकट शिजवलेले हिरवे मूग, समुद्रशैवालाच्या पट्ट्या, संत्र्याच्या वाळलेल्या सालीचा तुकडा आणि बेताचा गोडवा. बाहेर अंगाची काहिली होत असताना वाटी हाताला चांगली ऊन लागत होती. मी बर्फ मागितला, तेव्हा त्यांनी ठामपणे मान हलवली. मूग स्वभावतःच थंड असतात, ते गार करावे लागत नाहीत, हे त्यांचे म्हणणे मला लगेच पटले, कारण आपल्याकडेही पपई फ्रीजमधून काढली तरी उष्णच मानतात.

या वैद्यकानुसार उन्हाळ्यात शरीरातील यांग, म्हणजे उष्ण, सक्रिय ऊर्जा, बाहेर, त्वचेकडे येते आणि पोट आतून दुबळे होते. त्यात दमट हवा प्लीहेला, म्हणजे त्यांच्या परिभाषेत पचनशक्तीला, जड करते. म्हणूनच ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा प्राचीन ग्रंथ वसंत आणि ग्रीष्मात यांगचे पोषण करायला सांगतो, आणि ‘हिवाळ्यात मुळा, उन्हाळ्यात आले’ ही म्हण घरोघरी ऐकू येते. आले उष्ण असूनही उन्हाळ्यात का खायचे, हे याद्या करणारे कधीच सांगत नाहीत आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. कारले, कोहळा, कलिंगड हे सारे उष्णता उतरवणारे खरे, पण ज्याचे पोट नाजूक आहे त्याला कलिंगडही जपूनच खायला सांगतात.

या वैद्यकात उन्हाळ्याचे तत्त्व अग्नी, अवयव हृदय आणि चव कडू मानतात. ग्वांगझूच्या गल्लीबोळांतील दुकानांत मिळणारा काळपट, कडूजहर काढा लोक भर उन्हात कोमटच पितात. ग्वांगदोंग, हाँगकाँग आणि मकाव येथील या ‘लियांगछा’ला 2006 साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

हा आहारविचार मला मनापासून आवडतो. पण यांग, प्लीहा या संकल्पना आधुनिक शरीरशास्त्रातल्या नव्हेत, हे मी जाणतो. उष्माघात झालेल्या माणसाला मुगाचे सार पाजत बसू नये. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी मारून वारा घालावा आणि तातडीने रुग्णालयात पोहोचवावे.