घासागणिक जेसीबी

मे महिन्यात मालवणातून आंब्याच्या पेट्या मुंबईला जातात आणि मुंबईहून बहीण तिच्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन मालवणात येते. या व्यवहारात तोटा आमचाच.

भाचेबुवा मोबाइलशिवाय तोंड उघडत नाहीत. बोलायला उघडतात, भरपूर. घासाला नाही. पडद्यावर जेसीबीने माती उचलली की इकडे मऊभात आत. जेसीबी थांबला की जबडा बंद. काटे काढून भरवलेली सुरमई आणि साधं वरण यांत त्याला फरकच कळला नाही. आई त्या दिवशी खरी दुखावली.

भरवण्याचं काम मामाकडे. आमच्याकडे रेंज येते ती पडवीच्या एकाच कोपऱ्यात, तीही फोन उंच धरला तर. एका हातात फोन, दुसऱ्यात घास; डास मारायला देवाने तिसरा दिलेला नाही. व्हिडिओ अडकून चाक फिरू लागलं की हा असं भोकाड पसरतो की पलीकडच्या वाडीतले कुत्रे साथ देतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगून ठेवलंय : दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडदा दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी तर उत्तमच. भाच्याचा तास सकाळच्या पेजेतच संपतो. मी हे बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दादा, तू याला एक दिवस फोनशिवाय जेवव आणि मग संघटनेला कळव."

खरी गोम अशी, की एक व्हिडिओ संपतो न संपतो तोच दुसरा आपोआप सुरू. आमचं दशावतारी नाटक रात्रभर चालतं, पण पहाटे तरी संपतं! ते आपोआपचं बटण मी बंद केलं. भाच्याने चालू केलं. त्याला 'अ' ओळखता येत नाही, बटण येतं.

मग एका संध्याकाळी वळीव कोसळला. लाईट गेली, तिच्यामागून रेंजही. मेहुणे फोन डोक्यावर धरून भर पावसात खळ्यात फेऱ्या मारू लागले. भाचा रडून रडून दमला, तेव्हा आईने हाक मारली, "ये रे मेल्या, फणस फोडूया."

कापा फणस होता. पठ्ठ्याने स्वतःच्या हाताने गरे ओरपले, कोपरापर्यंत चीक माखून घेतला. लाईट आली तसा फोनकडे धावला.

"आधी हात दाखव," आई म्हणाली. खोबरेल चोळूनही चीक जाईना. फोन फळीवरच राहिला.

बहिणीने हळूच विचारलं, "आई, झाडावर अजून फणस किती आहेत गं?"