आधी कूलर बंद करा, मग रेकॉर्डचं बटण दाबा

"राहू द्या, मिक्सिंगमध्ये काढून टाकू." घरगुती रेकॉर्डिंगचं सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्यानं होतं, असं माझं ठाम मत आहे. पातळी कमी-जास्त करणं, थोडा कर्कशपणा उतरवणं, एखादी ओळ दुसऱ्या टेकमधून उचलणं, एवढं नंतर होतं. खोलीचा घुमारा, फाटलेला आवाज आणि गाण्यात मिसळलेला कूलर मात्र स्वच्छ निघत नाही. निघाल्यासारखा वाटला तर नीट ऐका, गाण्याचाही थोडा भाग सोबत गेलेला असतो.

कूलरपासूनच सुरुवात करतो, कारण आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना तो बंद करायला कोणी धजत नाही. कूलरचा आवाज म्हणजे खालपासून वरपर्यंत पसरलेली सरसर. गायकाचे 'स', 'श' आणि तबल्याच्या चाटेची चमक जिथे असते, तिथेच तीही असते. नॉइज रिडक्शननं ती खरवडली की 'स' बोथट होतो आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. त्यात आवाज एकसारखा करण्यासाठी कॉम्प्रेसर लावून मोठा आवाज 8 डेसिबल दाबला आणि मग सगळंच तेवढं वर उचललं, तर दोन ओळींमधला कूलर 8 डेसिबलनं वर येतो. छताचा पंखाही बंदच हवा. त्याच्या पात्यांवरून परतणारा आवाज लांब सुराला बारीक थरथर देतो.

आणि तबला! ओल्या हवेत पुडी सैल पडून सूर उतरतो, कोरड्या हवेत ती ताणली जाऊन चढतो. कूलर चालू असताना काळी दोनला मिळवलेला तबला, कूलर बंद करून पाऊण तासानं तिथेच राहील याची खात्री नाही. अशा वेळी ऑटोट्यून, म्हणजे सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर, कामाला येत नाही, कारण गायकाच्या मायकमध्ये तबला शिरलेलाच असतो. गायकाचा सूर सरकवला की मागचा तबलाही त्याच्याबरोबर सरकतो.

म्हणून क्रम असा ठेवा. अर्धा तास आधी कूलर लावून खोली गार करून घ्या. मग पंप बंद करून दहा मिनिटं नुसता पंखा चालू द्या, ताट्यांतलं पाणी निथळू द्या. नंतर सगळं बंद करा, तबला तेव्हाच मिळवा आणि 12-15 मिनिटं सलग टेक घ्या. प्रत्येक टेकच्या आधी तानपुऱ्यावर चाट एकदा ताडून बघा. घाई नसेल तर काम सरळ डिसेंबर-जानेवारीवर ढकला, तेव्हा शेजाऱ्यांचे कूलरही बंद असतात.

आता खोली. दहा बाय दहा, खाली टाइल्स, वर स्लॅब, चारही बाजूंना गुळगुळीत प्लास्टर. मधोमध उभं राहून टाळी वाजवा, 'टर्रर्र' असं उत्तर येईल. चौकोनी खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या दोन्ही जोड्या एकाच सुरावर घुमतात. दहा फुटांना तो घुमारा साधारण 56 हर्ट्झवर आणि पुढचा 112 च्या आसपास येतो, म्हणजे पुरुषाच्या खर्जात. काही सूर उगाच फुगतात ते त्यामुळे. गायकाला मधोमध बसवू नका, थोडं बाजूला सरकवा. अंड्यांचे ट्रे आणि पातळ फोम फक्त वरची चमक खातात, खालचा घुमारा तसाच ठेवतात. घरातली चार इंची कापसाची गादी जास्त उपयोगाची, भिंतीपासून चार बोटं सोडून उभी केलीत तर आणखी चांगली. खाली सतरंजी हवीच.

गादी कुठे लावायची, हे बहुतेक लोक चुकतात. मायकच्या मागे फोम लावतात आणि गायकाच्या पाठीमागची भिंत उघडी सोडतात. घरी बहुतेकांकडे असतो तो कार्डिऑइड मायक मुख्यतः समोरचं ऐकतो, आणि त्याच्या समोर गायक असतो, गायकाच्या मागे ती भिंत. पहिली गादी गायकाच्या पाठीशी. दुसरी उरली तर बाजूला.

याच गुणाचा फायदा भजनात घ्या. कार्डिऑइड मायक बरोबर पाठीमागचं सगळ्यात कमी घेतो. म्हणून टाळकऱ्याला गायकाच्या समोर, मायकच्या पाठीकडे बसवा. गायक स्वतः पेटी वाजवत असेल तर मायक छातीच्या उंचीवर ठेवून तोंड तिरकं वर, ओठांकडे करा. पेटी मायकच्या पाठीशी जाते आणि 'प', 'फ'चा फुत्कार सरळ मायकवर आपटत नाही. ओठांपासून अंतर वीतभर. हेच अंतर दुप्पट केलं तर थेट आवाज 6 डेसिबलनं उतरतो, खोली मात्र तेवढीच राहते. गेन, म्हणजे मायकची पातळी, वाढवून भरपाई केली की खोलीही वर येते. फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो. भात्याच्या करकरीवर आधीच बिजागरीला थेंबभर तेल द्या, आणि बांगड्या काढून ठेवायला सांगा.

खंजिरी तर विदर्भाच्या भजनाचा जीव. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ती घरोघरी नेली. पण तिची थाप इतकी क्षणिक असते की मीटरचा काटा हलण्याआधीच इनपुट फाटून जातं. मायक तीन फुटांवर, चामड्यावर सरळ न रोखता किंचित कडेला. गेन ठरवताना हळू वाजवून घेऊ नका, शेवटच्या द्रुत गजरातली थाप मागा. ती मीटरवर उणे 10 डेसिबलच्या पुढे जाऊ नये. 24 बिटवर रेकॉर्ड करताना एवढी जागा सोडल्यानं काही बिघडत नाही. फाटलेल्या थापेचं टोक मात्र फाइलमध्ये उरतच नाही, सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं.

शेवटी, पहिल्या टेकच्या आधी कोणालाही हलू न देता 20 सेकंद रिकामी खोली रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर मोठ्यानं ऐका. फ्रिज, ट्यूबलाइटचा चोक, इन्व्हर्टरची गुणगुण, सगळं तिथे कळतं. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर घूं थांबली तर दोष बहुधा अर्थिंगचा. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत बॅटरीवर काम करा, आणि ती 20 सेकंदं पुन्हा ऐका.