खुलासा : कोरियन अभिनेता जो जंग-सुक रातोरात स्टार झालेला नाही

‘आर्किटेक्चर १०१’ हा जो जंग-सुकचा पहिलाच अभिनय होता आणि त्या एका चित्रपटाने अनोळखी मुलगा रातोरात स्टार झाला, असं सांगणारा मजकूर सध्या कोरियन मालिकांच्या चाहत्यांमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे.

२०१२ चा हा चित्रपट त्याचा पहिला चित्रपट, एवढंच खरं. त्याआधी २००४ पासून तो सोलच्या संगीत रंगभूमीवर काम करत होता. ‘हेडविग’ या संगीत नाटकातली त्याची भूमिका तिथले प्रेक्षक आजही आठवतात. २००९ मध्ये ‘स्प्रिंग अवेकनिंग’ या संगीत नाटकाच्या कोरियन प्रयोगांत तो मॉरिट्झ हे पात्र झाला होता. रोज जिवंत प्रेक्षकांसमोर गायचं, नाचायचं, संवादाची वेळ अचूक साधायची! ‘आर्किटेक्चर १०१’मधलं त्याचं नाप्तुक हे पात्र थोडाच वेळ दिसतं, तरी हशा वसूल करतं, त्यामागे ही आठ वर्षांची तालीम आहे, असं मला ठामपणे वाटतं. त्याच भूमिकेसाठी त्याला ब्लू ड्रॅगन या कोरियन चित्रपट पुरस्कारांतला नवोदित अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. ‘नवोदित’ या शब्दामुळेच बहुधा गैरसमज झाला असावा. तो चित्रपटात नवा होता, अभिनयात नव्हे.

आणि ‘हॉस्पिटल प्लेलिस्ट’ या कोरियन मालिकेत तो स्वतःच गातो. त्यात नवल ते काय?