गाडी बदलल्याने विमा स्वस्त होत नाही

गेल्या दिवाळीपासून आमच्या गुहागर तालुक्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या बहुतेक गटांवर दुचाकीच्या विम्याविषयीचा एक मजकूर फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की दुचाकीचा विमा दरवर्षी वाढवला जातो आणि पाच वर्षांत तो चौपट झाला; सरकारने जीएसटी रद्द केला तरी कंपन्या तो घेतातच; म्हणून जुन्या गाडीवर पैसे न घालता ती विकून नवी घ्यावी, कारण नव्या गाडीला पाच वर्षांचा विमा फुकट मिळतो. जुन्या गाडीचा बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट) विक्रीबरोबर बुडतोच, विमा मात्र गाडीबरोबर आपोआप जातो, त्यामुळे नाव बदलण्याची घाई करू नये, असेही त्यात आहे. शेवटी खास आपल्यासाठी एक सल्ला आहे: कोकणात पावसापाण्याचा क्लेम कोणी देत नाही, तेव्हा थर्ड पार्टी काढली की पुरे.

मी बरीच वर्षे एका पतसंस्थेत वाहनकर्जाचे कागद तपासले आहेत आणि त्या प्रत्येक फाइलमध्ये विम्याची प्रत असते. हा मजकूर वाचून आमच्या वाडीतल्या दोघांनी चांगली चालती गाडी विकायला काढली, म्हणून प्रत्येक विधान घेऊन उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आधी चौपट वाढीचे पाहू. दुचाकीच्या विम्याची रक्कम आपण एकदम भरतो, पण पावतीवर ती तीन भागांत असते. पहिला भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा त्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई. तो मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर कंपनी ठरवत नाही. तो सरकारी अधिसूचनेने ठरतो. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला आपल्याकडे ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात. त्याचे दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवतात. तिसरा भाग मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचा. २०१९ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसी गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७५२ रुपये होता. १ जून २०२२ पासून तो ७१४ रुपये झाला, म्हणजे गावात ज्या गाड्या सर्वांत जास्त आहेत त्यांचा सक्तीचा हप्ता कमी झाला. मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना मात्र वाढ झाली: १५० ते ३५० सीसीसाठी १,१९३ चे १,३६६ आणि ३५० सीसीच्या वर २,३२३ चे २,८०४ रुपये. ही वाढ खरी आहे आणि ती मी लपवत नाही, परंतु ती चौपट नाही आणि दरवर्षीची तर मुळीच नाही.

तरीही लोकांना चौपट रक्कम भरावी लागते, हेही खोटे नाही. शेजारचे तात्या मागच्या दिवाळीनंतर दोन वर्षांच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या पडवीत आले आणि म्हणाले, “गेल्या वर्षी तीनशे एक्याऐंशी भरले, यंदा पंधराशे अडतीस मागतायत. मग मेसेज खोटा कसा म्हणता?” त्यांची १२५ सीसीची गाडी २०२० च्या दिवाळीतली. दोन्ही पावत्या पाटावर शेजारी शेजारी ठेवून आम्ही एकेक ओळ जुळवत गेलो. जुन्या पावतीवर गाडीच्या नुकसानीचे ३२३ रुपये आणि त्यावरचा कर ५८ रुपये, एवढेच होते. थर्ड पार्टीच्या ओळीत रक्कमच नव्हती. नव्या पावतीवर नुकसानीचे २६४, थर्ड पार्टीचे ७१४, अपघात विम्याचे ३२५ आणि कर २३५ रुपये होते. म्हणजे जो भाग दोन्ही वर्षी समान होता तो ३२३ वरून २६४ वर उतरला होता.

मग बाकीचे आले कुठून? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. तात्यांनी तो २०२० मध्येच शोरूममध्ये भरला होता आणि अपघात विमाही पाच वर्षांचा घेतला होता. मधली वर्षे ते फक्त नुकसानीचा भाग भरत राहिले, त्यामुळे तीन-चारशे रुपये हाच विम्याचा भाव असे त्यांच्या मनात पक्के झाले. सहाव्या वर्षी आधी भरलेली मुदत संपली आणि सगळ्या ओळी पुन्हा कागदावर आल्या. २०१८ नंतर घेतलेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाला सहाव्या वर्षी हा धक्का बसतो, आणि हा मजकूर एवढा पटतो तो याच अनुभवामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अपघात विम्याविषयी येथेच सांगितले पाहिजे, कारण त्यात खरोखर पैसे वाचू शकतात. हे संरक्षण १५ लाखांचे असते. ज्याच्याकडे तेवढ्या रकमेचा वैयक्तिक अपघात विमा आधीच आहे, किंवा ज्याने दुसऱ्या गाडीबरोबर तो घेतला आहे, त्याला प्रत्येक गाडीवर तो पुन्हा घेण्याची गरज नाही. मात्र बँकेतून वर्षाला २० रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना त्यासाठी चालत नाही, कारण तिचे संरक्षण २ लाखांचे आहे.

जीएसटीचे विधान अर्ध्या बातमीवर उभे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा यांवरील कर हटला. वाहन विम्यावरचा १८ टक्के कर कायम राहिला. त्याच दिवशी ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींच्या किमतीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि या दोन बातम्या एकमेकांत मिसळल्या. तात्यांच्या पावतीवरचे २३५ रुपये हा नियमाने लागलेला कर आहे, कंपनीने मारलेली रक्कम नव्हे.

आता या मजकुरातले सर्वांत महाग पडणारे विधान घेऊ. नव्या गाडीचा पाच वर्षांचा विमा फुकट नसतो. तो गाडीच्या ‘ऑन रोड’ किमतीत धरलेला असतो आणि कर्ज काढले असेल तर त्यावर आपण व्याजही भरतो. २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या नव्या गाडीसाठी पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता ३,८५१ रुपये आहे. वर्षाचे ७१४ प्रमाणे पाच वर्षांचे ३,५७० होतात, म्हणजे एकदम भरताना २८१ रुपये जास्तच जातात. बदल्यात पाच वर्षे दर वाढण्याची चिंता राहत नाही, एवढाच त्यात लाभ. शिवाय गाडीच्या नुकसानीचा हप्ता आयडीव्हीवर, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीवर ठरतो. गाडी सहा महिन्यांच्या आतली असते तेव्हा किमतीतून फक्त ५ टक्के घट धरतात, चौथे वर्ष ओलांडल्यावर ५० टक्के. नव्वद हजारांच्या गाडीची पहिल्या वर्षाची आयडीव्ही साडेपंच्याऐंशी हजार येते, आणि शेकडा पावणेदोन रुपयांच्या आसपास दर धरला तरी केवळ या भागाचे चौदा-पंधराशे रुपये होतात. गाडी बदलून तात्यांना वाचवायचे होते ते यंदा वाढलेले साडेअकराशे. त्यासाठी पहिल्याच दिवशी विम्याचे सहा हजारांच्या आसपास, वर एकरकमी रस्ता कर आणि मग कर्जाचा मासिक हप्ता, असा हिशेब त्यांच्यासमोर लिहिला तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. नवी गाडी घेताना थोडी मोठी घ्यावी असाही मोह होतो. १२५ वरून २०० सीसीवर गेले की वार्षिक थर्ड पार्टी हप्ता ७१४ चा थेट १,३६६ होतो. विजेवरच्या दुचाकीला त्यात १५ टक्के सवलत आहे, परंतु केवळ त्या शंभर-सव्वाशे रुपयांसाठी कोणी गाडी बदलू नये.

ज्याला इतर कारणाने गाडी बदलायचीच आहे त्याने बोनस मात्र सोडू नये. नो क्लेम बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. सलग एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षे क्लेम घेतला नाही तर नुकसानीच्या भागावर अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के सूट मिळते. गाडी विकल्यावर विक्रीचा पुरावा दाखवून विमा कंपनीकडून बोनसचे पत्र घ्यावे. ते तीन वर्षांपर्यंत नव्या दुचाकीला लावता येते. तात्यांच्या जुन्या गाडीचा नुकसानीचा भाग मुळात ५२८ रुपयांचा, त्यामुळे ५० टक्के बोनस २६४ रुपयांचाच आहे, नव्या गाडीवर तोच सातशेच्या घरात जाईल. ही सूट थर्ड पार्टीच्या भागावर मिळत नाही, आणि विमा संपून ९० दिवस उलटले तर सगळी जाते. मुंबईहून गणपतीला आल्यावर गावच्या गाडीचा विमा पाहू, असे म्हणणाऱ्या कितीतरी चाकरमान्यांचा बोनस असाच गेलेला मी पाहिला आहे.

विमा गाडीबरोबर आपोआप जातो, हे विधान मला सर्वांत धोक्याचे वाटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडी दुसऱ्याच्या नावे झाली की थर्ड पार्टीचा विमा नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते, हे खरे. परंतु त्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून कागदावर नाव बदलून घ्यायचे असते, आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीला हे ‘मानले जाणे’ लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. नाव न बदलता चालवलेली गाडी चोरीला गेली तर ज्याच्या नावे विमा आहे त्याची गाडी राहिलेली नसते आणि ज्याची गाडी आहे त्याच्या नावे विमा नसतो. विकणाऱ्याचा धोका याहून मोठा आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. आपल्याकडे मुंबईतला काका जुनी गाडी गावी पुतण्याला देतो, पुतण्या दोन वर्षे वापरून शेजारच्या वाडीत विकतो, आणि आरसी बुक काकाच्या नावानेच कपाटात राहते. देणारा आणि घेणारा दोघांनीही आरटीओचे मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्याच आठवड्यात भरावेत.

राहिले कोकणातल्या पाण्याचे. पूर, वादळ आणि दरड हे तिन्ही नुकसानीच्या विम्यात मोडतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले किंवा ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तशा प्रसंगी फक्त थर्ड पार्टी असलेल्याला गाडीसाठी काहीच मिळत नाही. क्लेम नाकारले जातात हेही खरे आहे, मात्र त्यामागची कारणे ठरलेली असतात. खारी हवा आणि त्यातून गंजलेली टाकी, सडलेला सायलेन्सर ही झीज समजली जाते, तिचे पैसे मिळत नाहीत. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. आणि सर्वांत मोठी चूक घरीच होते: पाणी ओसरल्यावर आपण चिखल पुसतो आणि गाडी सुरू होते का पाहायला किक मारतो. आत गेलेले पाणी त्या किकेने इंजिन बिघडवते, आणि हे नुकसान पुराचे नसून गाडी सुरू केल्याचे, असे नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर लिहितो. बुडालेली गाडी सुरू न करता फोटो काढावेत, कंपनीला कळवावे आणि ढकलत किंवा टेम्पोत घालून गॅरेजला न्यावी.

प्रत्येकाने फर्स्ट पार्टी घ्यावीच, असे माझे म्हणणे नाही. दहा-बारा वर्षांच्या गाडीची आयडीव्ही इतकी उतरलेली असते आणि घसारा इतका कापला जातो की नुकसानीचा भाग सोडून देणे शहाणपणाचे ठरू शकते. माझ्या स्वतःच्या २०१२ च्या गाडीला मी फक्त थर्ड पार्टी आणि अपघात विमा घेतो. करासह थर्ड पार्टीचे ८४३ रुपये होतात. विमा नसताना पहिल्यांदा पकडले गेले तर दंडच २,००० रुपये आहे, आणि कुणाला धडक बसली तर न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई घरातून द्यावी लागते. तात्यांची गाडी मात्र सहा वर्षांचीही झालेली नाही आणि त्यांचे घर खाडीला लागून आहे. त्यांना मी पंधराशे अडतीस भरायला सांगितले, आणि त्यांनी ते भरले.