‘तिकडची माणसं प्रामाणिक, म्हणून चाललं’ : अंबडच्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार.

बार्बारेस्को या इटलीतल्या गावच्या सहकारी वायनरीवर (वाइन बनवणाऱ्या कारखान्यावर) मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता : ‘तिकडची माणसं प्रामाणिक, म्हणून सहकार चालला. इथं सभासद राबतो अन् चेअरमन गाड्या बदलतो. जालन्याच्या द्राक्षवाल्याला या गोष्टी कशाला? वर दारूची जाहिरात.’

दारूचं आधी उरकतो. आमचं घर माळकरी, वाइन मी चाखलेलीही नाही. मला त्यातला हिशोब आवडला, बाटली नाही.

प्रामाणिकपणाचा तुमचा समज मात्र माझ्या चुकीनं झाला. मी गोष्ट १९५८ पासून सांगितली : पाद्री फिओरिनो मारेन्गो यांनी १९ लहान बागाईतदार गोळा केले, पहिले तीन हंगाम चर्चच्या तळघरात वाइन केली, मग चौकापलीकडं स्वतःची इमारत बांधली. वाचणाऱ्याला वाटणारच की यांना पहिल्या फटक्यात जमलं. जमलं नव्हतं. १८९४ साली दोमित्सिओ कवात्सा यांनी त्याच गावात नऊ जणांना घेऊन हाच घाट घातला होता. जवळच्या आल्बा शहरातल्या वाइनशाळेचे हे मुख्याध्यापक मूळचे मोदेनाकडचे, म्हणजे गावाला उपरेच. तोवर तिथली नेब्बिओलो द्राक्षं शेजारच्या बारोलो या नामी वाइनच्या नावावर खपायची. (आमचा माल परपेठेत ‘नाशिकचा’ म्हणून विकताना मी या कानांनी ऐकलाय.) कवात्सा १९१३ मध्ये वारले आणि १९२० च्या दशकात, फॅसिस्ट राजवटीत, ती संस्था बंद पडली. पुढं तीसेक वर्षं तिथला शेतकरी परत व्यापाऱ्याच्या दारात. गाव तेच, द्राक्ष तेच, तरी एक संस्था बुडाली अन् एक टिकली. तेव्हा माणसांच्या स्वभावापेक्षा मी पैसे वाटायची पद्धत बघतो.

तुम्ही ऊसवाले, तर उसावरच बोलू. एफआरपी, म्हणजे सरकारनं बांधून दिलेला उसाचा किमान दर, ठरते कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती साखर निघाली त्यावर. तुम्ही खोडवं नीट जपलं, ऊस पक्व होईपर्यंत थांबलात, आणि बांधापलीकडच्यानं कोवळाच तोडून घातला, तरी टनाला दर दोघांना एकच. काट्यावर फक्त वजन बघतात. मग चांगला ऊस पिकवायची ओढ कुणाला राहणार? बार्बारेस्कोत सभासदानं आणलेल्या प्रत्येक खेपेची साखर मोजतात आणि दर त्यावर ठरतो. चेअरमनचा पाहुणा असला तरी यंत्रावरचा आकडा तोच. दुसरी अट त्याहून कडक : सभासदाचं नेब्बिओलो सगळंच्या सगळं संस्थेत आलं पाहिजे. चांगले घड बाहेर अन् उरलंसुरलं संस्थेला, हे चालत नाही. आपल्याकडं शेजारच्या कारखान्यानं टनाला शंभर जास्त दिले की निम्मा ऊस रातोरात तिकडं जातो, आणि मग आपणच म्हणतो कारखाना बुडाला. चेअरमनला मी सोडत नाही, पण त्या रात्री ट्रॅक्टर आपलेच असतात.

मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. १९६७ पासून ते नऊ नामी शिवारांची वाइन वेगवेगळी भरतात : आझिली, राबाया, ओवेल्लो वगैरे. पण फक्त चांगल्या सालाला. साल खराब गेलं की नऊ नावं बाजूला ठेवून सगळ्यांचा माल एकत्र, बाटलीवर नुसतं ‘बार्बारेस्को’. म्हणजे आझिलीवाल्यानं त्या वर्षी आपल्या रानाचं नाव सोडायचं. बांधासाठी कोर्टात तीन पिढ्या घालवणाऱ्या भावकीत हे जमेल का, असं तुम्ही विचारलं असतं तर माझी बोलती बंद झाली असती. आज पन्नासच्या वर कुटुंबं अन् शंभर हेक्टरच्या वर बाग आहे. घरटी पाचेक एकर, आपल्यासारखीच.

आता तुमचं बरोबर कुठं आहे ते. मी थांबण्याचा काळ लिहिला नाही. बार्बारेस्को वाइन किमान २६ महिने मुरवावी लागते, त्यातले नऊ महिने लाकडी पिंपात. इथं औषधवाल्याची उधारी छाटणीपासून चढत जाते, तर २६ महिने दम कोण धरणार? आणि वाइनच्या द्राक्षाला दुसरं गिऱ्हाईक नाही. दोन सालांमागं एक व्यापारी आमची बाग उधारीवर उतरवून नेऊन फरार झाला. राहिलेल्या थॉमसनचा, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाचा, आम्ही बेदाणा तरी केला. काबर्ने या वाइनच्या द्राक्षाचे बारीक, बियांचे मणी घेऊन मी कुठं गेलो असतो? राज्यानं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले, अबकारी शुल्क माफ केलं. २००८-०९ ला मागणी बसली तेव्हा नाशिककडच्या कित्येकांनी वाइनच्या बागा उपटल्या. मला इथं वायनरी काढायची नाही. बेदाण्याच्या शेडसाठी, शीतगृहासाठी प्रतीवर दर अन् सगळा माल संस्थेला, या दोन अटी लावून बघता येतील का, एवढंच डोक्यात आहे.

कडवंचीकडच्या आमच्या मेहुण्यांना परवा विचारलं, सगळा माल संस्थेला बांधून द्याल का? म्हणाले, ‘पहिल्या साली देईन. दुसऱ्या साली व्यापारी किलोला पाच रुपये जास्त घेऊन बांधावर उभा राहिला, तर माझा भरवसा मलाच नाही.’

१८९४ चा भाग मूळ लेखात आज घालतो. तुमच्या कारखान्याच्या वार्षिक सभेत दर कसा काढतात ते सविस्तर लिहा, मला ते हवंय.