निम्म्या किमतीचा केक

डिसेंबर उजाडताच डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यंदाही तोच वाद पेटला: बालवाडीने मुलांना सांताक्लॉजच्या पोशाखात बोलावले, तर आपली संस्कृती बुडते की नाही? तोक्योतल्या निशिकासाईत रात्री उशिरा ते दीडशे मेसेज वाचून मी चिडलो आणि लांबलचक उत्तर लिहिले. या देशात ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का आहेत. तरी 24 तारखेला घरोघर स्ट्रॉबेरीचा केक कापतात, 1974 सालच्या एका जाहिरातीपासून रुळलेल्या केंटकीच्या (केएफसीच्या) चिकनसाठी आगाऊ नोंदणी करतात, आणि त्यापायी कोणी बाटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. 25 तारखेला तर इथे सुट्टीसुद्धा नसते. त्या संध्याकाळी कामावरून परतताना स्टेशनखालच्या दुकानात उरलेल्या केकवर निम्म्या किमतीची स्टिकरे दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, काल जिथे ख्रिसमसचे झाड होते तिथे, नववर्षाच्या सजावटीचे, कादोमात्सुचे बांबू उभे असतात. एवढ्या सहजतेने आपल्याला एक तरी सण साजरा करता येतो का, असेही मी विचारले. जणू जपान मीच घडवला होता!

मूळच्या वसईच्या असलेल्या एका शेजारणीने खाली एवढेच लिहिले, "दादा, आमच्या गोन्सालो गार्सियांना तिथेच क्रुसावर चढवले होते."

ते खरेच होते. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत ज्या 26 जणांना मारले, त्यांत वसईत जन्मलेले हे संत होते. पुढे 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि बंदीचे फलक उतरायला 1873 साल उजाडले. ज्या सहजतेचे मी कौतुक करत होतो, ती असा धर्म आधी चिरडून, मग त्याची भीती सरल्यावर आलेली असू शकते, हे मला सुचलेच नव्हते. सोसायटीतल्या मंडळींचा आक्षेप मला अजूनही पोरकटच वाटतो. पण त्या रात्री मला आमचा गेल्या वर्षीचा गणपती आठवला. मुलीच्या मैत्रिणीची आई दर्शनाला आली, "कावाई", म्हणजे किती गोंडस, म्हणाली, मोदक आवडीने खाल्ला आणि मूर्तीबरोबर फोटो काढताना तिने निरागसपणे विचारले की हे कोणते कॅरेक्टर. मी हसून उत्तर दिले खरे, मात्र रात्रीच्या आरतीत माझा आवाज विनाकारण चढला होता, आणि मुलीने कानांवर हात ठेवले होते.

ग्रुपवर मी नंतर काही लिहिलेले नाही. काल केकची नोंदणी करून आलो. काउंटरवरच्या मुलीने कुलकर्णी हे आडनाव काताकानात, म्हणजे परकी नावे लिहायच्या जपानी लिपीत, लिहिताना तीनदा विचारले, आणि मीही पंधरा वर्षांच्या सवयीने ते जपानी उच्चारात मोडून सांगितले.