‘सॉल्व्हंटमध्ये बुडवा, सगळं इंधन निघतं’ हे खरं नाही

जाळपोळीचं प्रकरण गाजलं की एक मजकूर हमखास फिरतो: जळका मुद्देमाल सॉल्व्हंटमध्ये (पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवात) बुडवला की पेट्रोल-रॉकेल सगळं बाहेर येतं, तीच खरी पद्धत, कोळशाची पट्टी रात्रभर ठेवणं हा वेळकाढूपणा, आणि सीए रिपोर्टमध्ये (सरकारी प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात) ‘आढळले नाही’ आलं म्हणजे इंधन वापरलंच नव्हतं. तिन्ही दावे चूक आहेत. तिसरा तर घातक आहे.

इंधनच नव्हे, बाकीचंही सगळं बाहेर येतं, हीच तर अडचण. पेंटेन किंवा कार्बन डायसल्फाइडसारखं सॉल्व्हंट इंधनासोबत करपलेल्या गालिच्याचे, फोमचे, प्लास्टिकचे पदार्थही ओढून आणतं. टोल्युइनसारखी काही रसायनं पेट्रोलमध्ये असतात आणि जळक्या गालिच्यातूनही निघतात. त्या गर्दीत इंधनाची ओळख पटवणं कठीण होतं. शिवाय नमुना एकदा धुतला की पहिल्यासारखा राहत नाही. मात्र काचेवर किंवा फरशीवर डिझेल सांडलं असेल तर सॉल्व्हंटच बरं, कारण डिझेलचा जड भाग वाफ होऊन नीट वर येत नाही.

आता तो ‘वेळकाढूपणा’. जळका माल बंद डब्यात, वर सक्रिय कोळशाची छोटी पट्टी टांगलेली, आणि डबा साधारण 60 ते 80 अंशांच्या भट्टीत, बहुधा रात्रभर. वाफा पट्टीवर बसतात, माल जवळपास जसाच्या तसा राहतो. पट्टी कापून अर्धी जपून ठेवता येते. आरोपीच्या वकिलाने फेरतपासणी मागितली तर ती अर्धी पट्टी लाखमोलाची ठरते! दोष इथेही आहे: इंधन भरपूर असताना उष्णता किंवा वेळ जास्त झाला, तर जड रेणू हलक्यांना पट्टीवरून हुसकावतात आणि चित्र बिघडतं. रसायनाचा लेप दिलेल्या बारीक तंतूवर वाफ धरण्याची पद्धत झटपट आहे, पण फेरतपासणीसाठी त्यात अर्क उरत नाही.

राहिलं ‘आढळले नाही’. त्याचा अर्थ एवढाच की प्रयोगशाळेत पोचलेल्या त्या नमुन्यात, त्या पद्धतीने सापडलं नाही. साध्या पॉलिथिनच्या पिशवीतून पेट्रोलची वाफ निसटते. म्हणून घट्ट झाकणाचा डबा किंवा नायलॉनची पिशवी लागते. स्पिरिट तर बंबाच्या पाण्यात विरघळून वाहून जातं. उलट बाजूही पाहा: थिनर आणि चिकटवण्याच्या गोंदातही पेट्रोलियमचे द्रावक असतात, त्यामुळे ‘आढळले’ म्हणजे कुणी ओतलंच, असंही नाही. यासाठी त्याच गालिच्याचा, इंधन पडल्याचा संशय नसलेल्या जागेचा तुकडा तुलनेला हवा. तो पंचनाम्याच्या वेळीच घ्यावा लागतो. जागा साफ झाल्यावर मिळत नाही.